आता आपला डाव

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



व्याख्यानमालेच्या पत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय ‘मुले मोठी झाल्यावर : पत्ते आणि इतर छंद’ असा छापून आल्यापासून मला दोन प्रकारचे दूरध्वनी आले. काहींनी विचारले, सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी पत्त्यांचा विषय कशाला? काहींनी आवाज जरा खाली आणून विचारले, ‘तुमच्याकडे शनिवारी पोकर चालतो म्हणतात, ते खरे का?’ पहिल्या प्रश्नाचे उत्तर बोलण्याच्या ओघात येईल. दुसऱ्याचे आत्ताच देऊन टाकते. खरे आहे. चालतो, आणि चांगला रंगतो.

आपण या शहरात कसे आलो याची उजळणी या वर्षभरात पुष्कळांनी केली आहे. कोणी पीजीआयमध्ये आले, कोणी सेक्टर ३० मधील सीएसआयओत, कोणी टीबीआरएलमध्ये, कोणी चंडीमंदिरच्या छावणीत, कोणी विद्यापीठात, तर कोणी बँकेच्या बदलीवर. आम्ही १९७८ साली आलो. सामानात कोकम, गोडा मसाला आणि पुरणयंत्र होते, आणि कडेवर दीड वर्षाची मुलगी होती. येथे ज्या पहिल्या मराठी बाईंची ओळख झाली त्यांनी माझे नाव विचारण्याआधी विचारले, ‘मुलगी मराठीतच बोलेल ना हो?’ आपल्या मंडळाचा पन्नास वर्षांचा इतिहास या एका प्रश्नात सामावलेला आहे असे मला पुष्कळदा वाटते. रविवारचे बालवर्ग, पाठांतराच्या स्पर्धा, भोंडला, गणेशोत्सवातल्या नाट्यछटा, वेशभूषेच्या कार्यक्रमात दरवर्षी न चुकता अवतरणारे तीन शिवाजीमहाराज आणि पाच झाशीच्या राण्या, हे सारे आपण कोणासाठी केले? मुलांसाठी. त्यांना आपली भाषा यावी, त्यांनी आरती पुस्तकात न पाहता म्हणावी, गावी गेल्यावर आजीशी त्यांना दुभाष्यावाचून बोलता यावे, एवढ्यासाठी. आपण स्वतः मात्र त्या कार्यक्रमांत पडदा ओढणारे, वेण्या घालणारे आणि बटाटेवडे तळणारे होतो.

ती मुले आता बंगळूरला, पुण्याला, टोरांटोला, सिडनीला आहेत. दसऱ्याला दूरध्वनी करतात, मराठीत बोलतात. म्हणजे जे साधायचे ते साधले. तरीही कार्यकारिणीच्या प्रत्येक सभेत एकच सुस्कारा ऐकू येतो, की तरुण मंडळी येत नाहीत, आता मंडळ चालायचे कसे. २०१५ च्या एप्रिलमध्ये नामदेवांच्या घुमानला अठ्ठ्याऐंशीवे साहित्य संमेलन भरले होते. आपल्यापैकी जे तिकडे गेले होते त्यांनी परतताना बसमध्ये हाच सुस्कारा टाकला होता, कारण आपल्या बसमध्ये पन्नाशीच्या आतले असे फक्त ड्रायव्हर आणि क्लीनर होते. मला त्या वेळीही वाटले आणि आजही वाटते, की बसमध्ये जे चाळीस जण बसले होते ते कोणी नव्हतेच की काय? मंडळ मुलांसाठी होते हे ठीक. मुले गेल्यावर ते आपल्यासाठी का असू नये? आणि मंडळाविषयी जे खरे तेच घराविषयी, आणि घराविषयी जे खरे तेच आपल्या उरलेल्या आयुष्याविषयी. माझा विषय खरा हा आहे. पत्ते हे त्याचे एक दार.

आपल्या आईवडिलांच्या पिढीला हा प्रश्न या स्वरूपात पडला नाही. मुले मोठी झाली तरी घर रिकामे होत नसे. सून येई, नातवंडे होत, ओसरीवर चार माणसे बसत, देवळात कीर्तन असे, आणि शास्त्राने वानप्रस्थ सांगितलेला असला तरी वनात कोणी जात नसे. आपण मात्र घरापासून दोन हजार किलोमीटरांवर येऊन राहिलो आणि आपली मुले त्याहून कितीतरी लांब गेली. सेक्टरातल्या घरात दोन माणसे उरली. पुष्कळ घरांत एकच उरले. संध्याकाळी सात वाजता, ज्या वेळी पूर्वी एकाचा अभ्यास, दुसऱ्याचे दूध आणि तिसऱ्याचा डबा यांत श्वास घ्यायला फुरसत नसे, त्या वेळी आता घड्याळाची टिकटिक ऐकू येते. ‘वेळ जात नाही’ हे वाक्य मी या सभागृहात जितक्या वेळा ऐकले आहे तितक्या वेळा कदाचित सुखकर्ता-दुःखहर्ताही ऐकले नसेल.

यावर बहुतेकांनी काढलेला तोडगा म्हणजे मुलांच्या आयुष्यात पुन्हा नोकरी धरणे. सहा महिने तिकडे जायचे, नातवंडाला सांभाळायचे, पोळ्या करून फ्रीजमध्ये ठेवायच्या, आणि परत यायचे ते पुढच्या सहा महिन्यांची वाट पाहायला. नातवंडे कोणाला नकोत? मला दोन आहेत आणि दोन्ही जिवाहून प्रिय आहेत. परंतु प्रेमाने जाणे निराळे आणि दुसरे काही करण्यासारखे उरले नाही म्हणून जाणे निराळे. मुलांना हा फरक आपल्याआधी कळतो, हे आपण ध्यानात घेत नाही.

आता पत्ते. मराठी मध्यमवर्गाने या खेळाला ‘कुटणे’ हे क्रियापद बहाल केले आहे, यावरूनच आपले मत उघड होते. धान्य कुटले तर निदान पीठ तरी मिळते. या नापसंतीमागे मोठी परंपरा आहे हे मी नाकारीत नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले चौतिसावे सूक्त म्हणजे एका जुगाऱ्याचा विलाप आहे. बायको दुरावली, सासू रागावली, तरी फाशांचा मोह सुटत नाही, असे तो सांगतो. महाभारतातल्या द्यूताविषयी तर बोलायलाच नको. परंतु याच परंपरेत बलिप्रतिपदेला द्यूतप्रतिपदाही म्हणतात, आणि याच महाराष्ट्रात सावंतवाडीला मत्स्य, कूर्म, वराहापासून दहा अवतारांची चित्रे असलेल्या गंजिफा तयार होतात. दहा रंग, प्रत्येक रंगाची बारा पाने, अशी १२० गोल पाने असतात. ती कला मावळू लागली तेव्हा, गेल्या शतकाच्या सत्तरीत, शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी वृद्ध चिताऱ्यांना हाताशी धरून ती पुन्हा उभी केली. ज्या खेळाच्या पानावर विष्णूचे अवतार चितारले गेले तो खेळ मुळात पापाचा आहे असे त्या चिताऱ्यांना नक्कीच वाटत नसणार.

आणि आपण तरी कोठे पत्त्यांवाचून वाढलो? मे महिन्याच्या सुट्टीत दुपारी माजघरात झब्बू, बदाम सात, पाच-तीन-दोन आणि मेंढीकोट यांवर आपण किती भांडलो आहोत! माझी आजी सोवळ्यातली, कडक. पण मेंढीकोटात दश्शी पकडताना तिचा चेहरा पाहण्यासारखा होत असे. लग्न झाले आणि हे सारे आपोआप बंद पडले. कोणी बंदी घातली नव्हती. आईने पत्ते खेळायचे नसतात, एवढेच. मुलांबरोबर त्यांना हरवायला न लागेल अशा बेताने खेळायचे, तो भाग वेगळा.

पत्त्यांतील विद्वत्तेचा खेळ म्हणजे ब्रिज, यात शंका नाही. बावन्न पानांतून तेरा पानांचा एक हात किती तऱ्हांनी येऊ शकतो याचा हिशेब केला, तर संख्या ६३,५०१ कोटींच्या वर जाते. म्हणजे जन्मभर खेळले तरी तोच हात पुन्हा येण्याची भीती नाही. २०१८ साली जाकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धांत हा खेळ प्रथमच घेतला गेला आणि प्रणव बर्धन व शिवनाथ सरकार या बंगाली जोडीने भारताला सुवर्णपदक मिळवून दिले. बर्धन त्या वेळी साठ वर्षांचे होते, सरकार छप्पन्न. आपल्या चमूत रीता चोक्सी एकोणऐंशी वर्षांच्या होत्या. धावण्याच्या किंवा भालाफेकीच्या वयाचा विचार करणाऱ्यांना याची गंमत वाटली. मला मात्र त्याच स्पर्धेतल्या आणखी एका नावाचे अप्रूप वाटले, ते म्हणजे मिश्र संघात कांस्यपदक मिळवणाऱ्या सदुसष्ट वर्षांच्या हेमा देवरा यांचे. या मूळच्या फणसळकर, म्हणजे आपल्यातल्याच. यजमान मुरली देवरा ब्रिजचे शौकीन. घरी शनिवार-रविवारी डाव रंगत. हेमाताई मात्र त्यात नव्हत्या. दोन्ही मुलगे मोठे झाल्यावर, पन्नाशीच्या सुमारास, त्या हा खेळ शिकल्या, आणि वीसेक वर्षांत देशाच्या संघात जाऊन पोहोचल्या. ज्या वयात आपण ‘आता काय नवे शिकायचे’ म्हणतो त्या वयात त्यांनी पहिली बोली लावली. त्यांची परिस्थिती निराळी, त्यांना नोकरचाकर होते, असे कोणी म्हणेल. होते, मान्य आहे. पण पानांची मोजणी नोकर करून देत नाही.

मग मी ब्रिज सोडून पोकरकडे का वळले, हे सांगायला हवे.

ब्रिजला नेमके चार जण लागतात. आपल्या वयाच्या चार माणसांपैकी एक नेहमी मुलाकडे गेलेला असतो आणि एकाचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले असते. पोकरला दोघे पुरतात आणि नऊ जण आले तरी चालतात. ही झाली सोयीची गोष्ट. दुसरे कारण माझ्या व्यवसायातले. तीस वर्षे मी महाविद्यालयात गणित शिकवले आणि त्यात संभाव्यता हा माझा आवडता भाग. टोरांटोला मुलीकडे एका हिवाळ्यात बर्फामुळे घरात अडकले असताना जावयाचे मित्र शुक्रवारी जमून खेळत, ते मी मागच्या खुर्चीवर बसून पाहिले. तिसऱ्या शुक्रवारी जावई म्हणाले, ‘आई, नुसत्या बघता काय, बसा.’ मी बसले. तीस वर्षे फळ्यावर लिहिलेली समीकरणे त्या टेबलाभोवती जिवंत होऊन फिरत आहेत, असे मला झाले.

ज्यांना खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आज सर्वत्र खेळला जाणारा पोकर टेक्सासच्या नावाचा आहे. प्रत्येकाला दोन पाने झाकलेली मिळतात. ती पाहून डावात राहायचे की पाने टाकायची हे ठरवायचे, राहिल्यास बोली लावायची. मग मध्ये तीन पाने उघडी मांडतात, ती सर्वांच्या सामाईक मालकीची. पुन्हा बोली. मग चौथे पान, बोली. पाचवे पान, शेवटची बोली. आपली दोन आणि मधली पाच मिळून सात पानांतून ज्याची पाच पाने सर्वांत उत्तम त्याचा डाव. किंवा इतर सगळ्यांनी आधीच पाने टाकली तर जो उरला त्याचा, मग त्याच्या हातात दुर्री-सत्ती का असेना. आपली दिवाळीतली तीन पत्ती याच खेळाची चुलतबहीण आहे. इंग्रजांच्या ‘ब्रॅग’ नावाच्या खेळातून ती इकडे आली आणि पोकर अमेरिकेत मिसिसिपी नदीवरच्या आगबोटींतून वाढला.

पहिल्या दोन पानांच्या १,३२६ जोड्या संभवतात. त्यांपैकी दोन एक्क्यांच्या फक्त सहा, म्हणजे सरासरीने दोनशे एकवीस डावांत एकदा. पाच पानांचे हात २५,९८,९६० होतात आणि त्यांतला सर्वश्रेष्ठ, एकाच रंगाची दश्शी, गुलाम, राणी, राजा, एक्का अशी ओळ असलेला, चारच वेळा येतो. मी अजून पाहिलेला नाही. तात्पर्य, बहुतेक वेळा आपल्या हातात काहीच नसते. म्हणून चांगला खेळाडू बहुतेक डाव खेळतच नाही. पाने खाली ठेवतो आणि दुसऱ्यांचे चेहरे पाहत बसतो. आपल्यातल्या स्त्रियांना ही गोष्ट प्रथम फार जड जाते, कारण संसारात वाटून आलेले पान टाकून देण्याची सोयच नसते. मिळेल ते पान खेळायचे आणि निभावून न्यायचे. आमच्या टेबलावरच्या एक भगिनी पहिले दोन महिने प्रत्येक डाव शेवटपर्यंत खेळत आणि हरत. एके दिवशी त्यांनी राजा आणि चौकी अशी पाने पाहिली, क्षणभर थांबल्या आणि खाली ठेवली. ‘नको मला हे,’ म्हणाल्या. साधे वाक्य, पण त्या वाक्याची त्यांना सवय नव्हती, हे आम्हा सर्वांना जाणवले.

आणि ब्रिजमध्ये भिडू असतो, पोकरमध्ये नसतो. माझ्या मते हा या दोन खेळांतला सर्वांत मोठा भेद आहे. भिडूचा खेळ थोर आहे, त्यात विश्वास लागतो, संकेत लागतात. नवराबायकोंनी तो एका बाजूला बसून खेळू नये हा अनुभवी मंडळींचा सल्लाही त्यातच आला. परंतु चाळीस वर्षे आपण दुसरे काय केले? प्रत्येक निर्णयात एक भिडू होता, दोन मुले होती, सासूबाई होत्या, घराचे हप्ते होते. ते योग्यच होते; त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण एका गोल टेबलाशी बसून, आपली दोन पाने आपणच पाहायची, ती कोणालाही दाखवायची नाहीत, निर्णय आपणच घ्यायचा आणि तो चुकला तर त्याचे ओझे दुसऱ्या कोणावर पडणार नाही, ही मोकळीक मला साठीच्या उंबरठ्यावर पहिल्यांदा मिळाली. माझे यजमान त्याच टेबलावर समोर बसतात. लग्नाला सदतीस वर्षे झाली तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा हूल दिली. हातात काही नसताना भरपूर बोली लावली, आणि त्यांनी राजाची जोडी टाकून दिली. मी पाने उघडून दाखवली तेव्हा ते बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले. त्या दृष्टीत राग नव्हता; ‘ही कोण?’ असे कुतूहल होते. त्या वयात नवऱ्याला आपल्याविषयी कुतूहल वाटावे, ही काही लहान प्राप्ती नव्हे.

हूल देण्याच्या कलेत, सांगायला हरकत नाही, बायका पुरुषांपेक्षा लवकर तरबेज होतात. भाजी कमी असताना ‘मला आज भूकच नाही’ असे चेहऱ्यावरची रेघ न हलवता सांगण्याचा सराव त्यांना असतो.

आता पैशाविषयी, कारण कानोसा घेणाऱ्या दूरध्वनींचा रोख तिकडेच होता. येथे दिवाळीच्या आधी तीन-चार आठवडे शेजारच्या कोठ्यांतून पत्त्यांच्या मैफली कशा झडतात आणि त्यांत किती नोटा फिरतात हे आपण सगळे जाणतो. आपण मराठी माणसे त्यावर नाक मुरडतो आणि मग हळूच एखाद्या रात्री जाऊनही येतो. पैसे लावून खेळण्याच्या मी स्पष्ट विरुद्ध आहे. कौशल्य आणि दैव यांची सीमा कोठे, यावर न्यायालयांनीही पुष्कळ खल केला आहे. सिकंदराबादच्या एका क्लबाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवले आणि पत्ते पिसून वाटले की दैवाचा अंश येणारच, तो ब्रिजमध्येही असतो, असे निरीक्षण नोंदवले. तीन पत्तीला मात्र ती सवलत दिली नाही. पोकरच्या बाबतीत एकवाक्यता नाही. पश्चिम बंगालच्या १९५७ च्या कायद्याने ब्रिज आणि रमीबरोबर पोकरलाही जुगाराच्या व्याख्येतून वगळले, तर गुजरातच्या उच्च न्यायालयाने २०१७ साली त्याला जुगारच म्हटले. दरम्यान मोबाइलवरच्या पैशांच्या खेळांनी किती घरे धुऊन नेली ते वेगळे सांगायला नको. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने कायदा करून असे ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे असोत की दैवाचे, सरसकट निषिद्ध केले. मला हा कायदा पटतो. अंधाऱ्या खोलीत एकट्याने पडद्याशी खेळणे आणि पाच माणसांनी एकमेकांच्या चेहऱ्यांकडे पाहत खेळणे, यांना एकच नाव असले तरी त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निवृत्त माणसाला तर विशेष धोका; हाती एकरकमी पैसा असतो, वेळ असतो आणि विचारणारे कोणी नसते.

आमच्या टेबलावर पैसा चालत नाही. कोकणात चिंचोके चालले असते, पंजाबात राजमा. प्रत्येकाला आरंभी शंभर दाणे मोजून देतो. ज्याचे संपतील त्याने चहा करायचा. रात्री साडेनऊला दाणे मोजून डबा बंद. दाण्यांसाठी माणसे तितकीच तळमळतात हे पाहून मला आधी आश्चर्य वाटे. एका निवृत्त अधिकाऱ्याने सोळा दाण्यांच्या हिशेबावरून माझ्याशी जी हुज्जत घातली, ती त्यांनी सरकारी लेखापरीक्षकाशीही घातली नसेल.

पत्त्यांनी स्मरणशक्ती टिकते का, असेही काहींनी विचारले. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात पंचाहत्तरीच्या वरच्या ४६९ वृद्धांची अनेक वर्षे पाहणी करून २००३ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. वाचन, पटावरचे खेळ, वाद्यवादन आणि नृत्य यांत रमणाऱ्यांना स्मृतिभ्रंश कमी प्रमाणात झाला, असे त्यात दिसले. मात्र खेळल्यामुळे बुद्धी टिकली, की बुद्धी टिकल्यामुळे ती माणसे खेळत राहिली, हे अशा पाहणीतून निर्विवाद सिद्ध होत नाही. गणिताची शिक्षिका म्हणून एवढे बजावणे माझे कर्तव्य आहे. शिवाय, औषध म्हणून पत्ते खेळायचे असतील तर मग काढाच घ्यावा. आवडते म्हणून खेळावे.

सगळ्यांनी पत्तेच खेळावेत असा माझा आग्रह मुळीच नाही. छंदाला वय नसते याचे दाखले आपल्याकडे कमी नाहीत. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’चा पहिला भाग १९३४ साली निघाला, तेव्हा त्या सहासष्ट वर्षांच्या होत्या. पु. ल. देशपांडे पन्नाशी गाठल्यावर बंगाली शिकायला शांतिनिकेतनात जाऊन राहिले. त्या वयाचा दुसरा कोणी विद्यार्थी तेथे असेल असे वाटत नाही. आणि आपल्या गावात तर सुखना तलावाच्या जवळच नेकचंदांचा दाखला उभा आहे. सार्वजनिक बांधकाम खात्यातला एक रस्ते-निरीक्षक. दिवसभर नोकरी आणि मग जंगलात जाऊन मोडक्या बांगड्या, फुटक्या बशा, दगडगोटे यांतून आपले एक राज्य रचीत बसे. जवळजवळ अठरा वर्षे हे काम कोणाला न सांगता चालले. १९७५ साली ते उघडकीला आले आणि १९७६ साली रॉक गार्डन लोकांना खुले झाले. पाहुण्यांना घेऊन आपण तेथे किती वेळा गेलो असू! पाहुणे दगडांच्या बाहुल्या पाहतात. मी हल्ली त्या माणसाच्या संध्याकाळींचा विचार करते. त्याला कोणी सांगितले नव्हते, कोणाला त्याची गरज नव्हती, बक्षीस तर नव्हतेच. उलट उघडकीला आल्यावर सगळे पाडले जाण्याचाच संभव होता.

आपल्याकडे छंदालाही उपयोगाचे प्रशस्तिपत्रक लागते. बाई विणते ती नातवासाठी, गाते ती भजनीमंडळासाठी, बागकाम करते ते घरच्या मेथीसाठी. नुसते ‘मला आवडते’ हे कारण पुरेसे वाटत नाही. आमच्यातल्या एका भगिनीचे यजमान चार वर्षांपूर्वी गेले. सहा महिन्यांनी त्या टेबलाशी परत आल्या तेव्हा मराठी मंडळींतूनच एक उद्गार निघाला, ‘शोभते का हे?’ तो त्यांच्या कानांवर गेला. त्या दोन शनिवार आल्या नाहीत. तिसऱ्या शनिवारी आल्या, दाणे मोजून घेतले आणि म्हणाल्या, ‘वाटा.’ त्यांच्या मुलाने बंगळूरला कायमचे बोलावले आहे. घर बंद करा, येथे तुमच्यासाठी खोली आहे, असे तो प्रेमाने म्हणतो. त्यांनी सांगितले, ‘थंडीत दोन महिने येईन. बाकी शनिवारी मला काम असते.’ मुलगा रागावला आहे. कदाचित उद्या प्रकृतीमुळे त्यांना जावेही लागेल; तेव्हा त्या जातील. पण आज त्यांच्या नकाराला आधार आहे तो या शहरातल्या चार माणसांचा आणि एका टेबलाचा. हा आधार देणे हे मंडळाचे काम नाही, असे कोणी म्हणणार असेल तर मग मंडळाचे काम कोणते, ते मला ऐकायला आवडेल.

म्हणून कार्यकारिणीकडे माझी एक लेखी मागणी आहे आणि ती मी सचिवांकडे आजच दिली आहे. दर शनिवारी पाच ते साडेनऊ या सभागृहाची मागची खोली उघडी ठेवावी. दोन गोल टेबले, चांगला दिवा आणि डिसेंबर-जानेवारीसाठी एक हीटर द्यावा. पैसे लावून खेळण्यास सक्त मनाई असल्याची पाटी आम्हीच लावू. ज्यांना पत्ते नकोत त्यांनी दुसऱ्या टेबलावर बुद्धिबळ मांडावे, पेटी वाजवावी, वाद घालावा, काहीही करावे. दोनच अटी आहेत. त्या खोलीला ‘ज्येष्ठ नागरिक विरंगुळा केंद्र’ असे नाव देऊ नये. आणि मुलांचे फोटो मोबाइलवर दाखवायचे ते चहाच्या वेळी, डाव चालू असताना नव्हे.

आत्तापर्यंत सात जणांची नावे आली आहेत, त्यांत चार भगिनी आहेत. टेबलावर नऊ जणांची सोय होते. येत्या शनिवारी सुरुवातीचा अर्धा तास मी खेळ शिकवीन. चष्मा विसरू नये. राजमा मी आणीन.